कर्कपेशींतील डीएनएचे प्रमाण फ्लो सायटोमीटरवर कसे मोजावे

माणसाच्या केंद्रक असलेल्या कोणत्याही सामान्य शरीरपेशीत, ती विभाजनाच्या तयारीला लागलेली नसते तेव्हा (जी०/जी१ टप्प्यात), गुणसूत्रांच्या २३ जोड्या आणि साधारण ६.५ पिकोग्रॅम डीएनए असतो. विभाजनापूर्वी एस या टप्प्यात हा डीएनए वाढत जातो, जी२ टप्प्यात तो दुप्पट झालेला असतो आणि विभाजनानंतर दोन्ही कन्यापेशींत पुन्हा मूळ प्रमाणावर येतो. कर्कपेशींत गुणसूत्रांची संख्या अनेकदा बिघडलेली असल्यामुळे विश्रांतीत असतानाही त्यांच्यातील डीएनए सामान्यापेक्षा जास्त किंवा कमी असू शकतो. हा फरक मोजून त्यास डीएनए निर्देशांक या एका आकड्यात मांडणे आणि किती टक्के पेशी एस टप्प्यात आहेत याचा अंदाज घेणे, ही या चाचणीची दोन उद्दिष्टे आहेत.

काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. फ्लो सायटोमीटर या, पेशी एकेक करून लेझरपुढून नेणाऱ्या उपकरणाला पिकोग्रॅम कळत नाहीत. डीएनएमध्ये बसलेल्या रंगद्रव्यातून लेझरखाली जो प्रकाश बाहेर पडतो त्याची तीव्रता तेवढी त्याला कळते, आणि ती तीव्रता रंगद्रव्याचे प्रमाण, पेशींची संख्या, तापमान, पेशी जतन करण्याची पद्धत अशा अनेक गोष्टींवर हलते. म्हणून या चाचणीतील प्रत्येक आकडा हा दुसऱ्या एखाद्या पेशीच्या तुलनेतला आकडा असतो. ती दुसरी पेशी कोणती निवडली आणि ती कर्कपेशीबरोबर अगदी एकाच वागणुकीतून गेली की नाही, यावर अहवालाचा खरेखोटेपणा ठरतो. पुढील सर्व पायऱ्या वाचताना हा निकष डोळ्यांसमोर ठेवावा.

नमुना घेणे आणि साठवणे

येथे मुख्य उदाहरण म्हणून स्तनाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या गाठीसारखा घन ऊतींचा ताजा नमुना धरला आहे. असा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. शस्त्रक्रियागृहातून तो थंड सलाइनमध्ये किंवा पेशीसंवर्धनाच्या माध्यमात, बर्फावर ठेवून आणावा. गाठीच्या मध्यभागी बहुधा मृत ऊती असते आणि तेथील केंद्रके आधीच विरघळू लागलेली असतात, त्यामुळे तुकडा कडेच्या, जिवंत दिसणाऱ्या भागातून घ्यावा. त्याच तुकड्याला लागून असलेला भाग नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठवावा किंवा निदान काचपट्टीवर तुकड्याचा ठसा घेऊन त्यात कर्कपेशी आहेत याची खात्री विकृतिशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी. ही खात्री न करता मोजलेला सामान्य निर्देशांक निरर्थक असतो, कारण तुकड्यात गाठच आली नव्हती अशी शक्यता शिल्लक राहते.

सुईने शोषून घेतलेला नमुना या कामासाठी पुष्कळदा तुकड्याहून चांगला ठरतो. सुईत सैल असलेल्या कर्कपेशी अधिक येतात आणि आधार देणारी तंतुमय ऊती कमी येते.

नमुना त्याच दिवशी तपासणे शक्य नसेल तर तो सिट्रेट बफरमध्ये गोठवावा. २५० मिलिमोलर सुक्रोज, ४० मिलिमोलर ट्रायसोडियम सिट्रेट आणि ५ टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड अशी या बफरची घडण असून त्याचा पीएच ७.६ ठेवतात. उणे ८० अंश सेल्सिअसवर नमुना यात अनेक महिने टिकतो. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवावा आणि लगेच कामाला लागावे. वितळवलेला नमुना पुन्हा गोठवू नये.

तुकड्यापासून सुट्या पेशी मिळवण्यासाठी तो पेट्री डिशमध्ये थोड्या थंड सिट्रेट बफरात ठेवून दोन धारदार सर्जिकल पात्यांनी बारीक चिरावा. पाते बोथट असेल तर ऊती चिरली न जाता चिरडली जाते, आणि चिरडलेल्या केंद्रकांचा भुगा पुढे आलेखाच्या (आडव्या अक्षावर प्रकाशाची तीव्रता, उभ्यावर पेशींची संख्या) डाव्या बाजूला डोंगरासारखा उभा राहतो. चिरलेला लगदा पिपेटने हलक्या हाताने वरखाली करून ५० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळावा. नंतर मोजणीच्या चेंबरमध्ये पेशी मोजून २०० मायक्रोलिटरमध्ये सुमारे १० लाख पेशी येतील असे प्रमाण करावे. घाईच्या दिवशी ही मोजणी सर्वांत आधी वगळली जाते, म्हणून तिचे कारण येथेच सांगतो. प्रॉपिडियम आयोडाइड हे या चाचणीतले रंगद्रव्य डीएनएशी कायमचे जोडले जात नाही. द्रावणातील मोकळे रंगद्रव्य आणि डीएनएत बसलेले रंगद्रव्य यांच्यात सतत समतोल चालू असतो. पेशी फार झाल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला रंगद्रव्य कमी येते आणि सगळी शिखरे डावीकडे सरकतात. नियंत्रण नमुन्यात १० लाख आणि गाठीच्या नमुन्यात ४० लाख पेशी असतील, तर दोन नळ्यांतील शिखरांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

संदर्भपेशींची निवड

सर्वांत विश्वासार्ह संदर्भ त्या रुग्णाच्या स्वतःच्या सामान्य पेशींचा असतो. घन गाठीच्या जवळपास प्रत्येक नमुन्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आणि आधार ऊतींच्या पेशी मिसळलेल्या असतातच, आणि त्या त्याच चिरणीतून, त्याच रंगातून गेलेल्या असल्यामुळे त्यांचे शिखर हाच घरचा मापदंड होतो. अडचण एवढीच की आलेखात दोन शिखरे दिसली तर त्यांतील सामान्य कोणते हे उपकरण सांगत नाही. डावीकडचे शिखर बहुधा सामान्य असते, पण कर्कपेशींनी गुणसूत्रे गमावली असतील तर ते कर्कपेशींचेही असू शकते.

हा गुंता सोडवण्यासाठी तीन नळ्या चालवाव्यात. पहिलीत निरोगी व्यक्तीच्या रक्तातील लिम्फोसाइट, दुसरीत केवळ गाठीचा नमुना आणि तिसरीत गाठीच्या नमुन्यात तेच लिम्फोसाइट मिसळलेले असावेत. मिश्रणात जे शिखर उंचावते ते सामान्य. रक्तदाता शक्यतो रुग्णाच्याच लिंगाचा असावा, कारण दोन एक्स गुणसूत्रांमुळे स्त्रीच्या पेशीतील डीएनए पुरुषाच्या पेशीपेक्षा सुमारे दीड टक्क्याने जास्त असतो आणि चांगल्या उपकरणावर एवढ्या फरकानेही मिश्रणातील शिखर रुंदावलेले दिसू शकते.

याखेरीज कोंबडीच्या आणि ट्राउट माशाच्या तांबड्या पेशी नमुन्यातच टाकण्याची पद्धत डेन्मार्कच्या विंडेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. पक्ष्यांच्या आणि माशांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते. माणसाच्या सामान्य पेशीच्या तुलनेत कोंबडीच्या पेशीत सुमारे ०.३५ पट आणि ट्राउटच्या पेशीत सुमारे ०.८० पट डीएनए असतो, त्यामुळे त्यांची शिखरे माणसाच्या शिखरांना न झाकता डावीकडे बसतात. कोंबडीचे रक्त आपल्याकडे कुठेही मिळेल. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असल्याने त्याच्या पेशी मात्र बहुधा तयार विकत घ्याव्या लागतात.

दोन मापदंड घेण्यामागे हेतू आहे. उपकरणाच्या शून्याला, तराजूला पासंग असावा तसा, थोडा सरक असू शकतो आणि एकाच मापदंडावरून तो कळत नाही. समजा, उपकरणाच्या मापनपट्टीवर ट्राउटचे शिखर ४३,००० व्या घरावर आणि कोंबडीचे २०,५०० वर आले. दोन्हींमधील अंतर २२,५०० असून ते ०.८० आणि ०.३५ यांच्यातील ०.४५ या फरकाचे आहे. म्हणजे सामान्य मानवी पेशीच्या डीएनएइतक्या, अर्थात १.०० या प्रमाणाला ५०,००० घरे पडतात. ट्राउट त्या हिशेबाने ४०,००० वर यायला हवा होता, तो ४३,००० वर आला. म्हणून शून्य ३,००० ने सरकलेले आहे. आता कर्कपेशींचे शिखर ८१,००० वर आणि सामान्य पेशींचे ५३,००० वर असेल तर सरळ भागाकाराने निर्देशांक १.५३ येतो, पण सरक वजा केल्यावर ७८,००० भागिले ५०,००० म्हणजे १.५६ हा खरा निर्देशांक मिळतो. या उदाहरणात निष्कर्ष बदलत नाही. मात्र याच उपकरणावर खरा १.१६ असलेला निर्देशांक १.१५ असा मोजला जाईल, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात नेमकी १.१६ हीच सीमारेषा आहे.

केंद्रके सुटी करणे आणि रंगवणे

विंडेलेव्ह यांच्या या पद्धतीत पेशी अखंड न ठेवता फक्त केंद्रके रंगवली जातात. डिटर्जंट पेशीपटल विरघळवतो, ट्रिप्सिन पेशीद्रव पचवते, स्पर्मिन केंद्रकांना स्थिर ठेवते आणि आरएनेज आरएनए नष्ट करते. आरएनेज टाळून चालत नाही, कारण प्रॉपिडियम आयोडाइड दुपदरी आरएनएलाही चिकटते आणि मग शिखर रुंद होऊन उजवीकडे ओढले जाते.

मूळ द्रावणात ३.४ मिलिमोलर ट्रायसोडियम सिट्रेट, ०.१ टक्के नोनिडेट पी-४०, १.५ मिलिमोलर स्पर्मिन टेट्राहायड्रोक्लोराइड आणि ०.५ मिलिमोलर ट्रिस असून पीएच ७.६ असतो. पहिले द्रावण बनवण्यासाठी यात दर लिटरला ३० मिलिग्रॅम ट्रिप्सिन घालतात. दुसऱ्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅम ट्रिप्सिनरोधक आणि १०० मिलिग्रॅम आरएनेज ए असते. तिसऱ्यात प्रॉपिडियम आयोडाइड आणि जादा स्पर्मिन असते; प्रॉपिडियम आयोडाइडचे प्रमाण असे ठेवावे की नळीतील अंतिम मिश्रणात दर मिलिलिटरला सुमारे १२५ मायक्रोग्रॅम होईल. दुसरे आणि तिसरे द्रावण गाळून घ्यावे, आणि तिसरे कायम अंधारात व बर्फावर ठेवावे.

२०० मायक्रोलिटर पेशींमध्ये संदर्भपेशी मिसळून १.८ मिलिलिटर पहिले द्रावण घालावे आणि खोलीच्या तापमानाला १० मिनिटे अधूनमधून हलकेच हलवत ठेवावे. मग १.५ मिलिलिटर दुसरे द्रावण घालून आणखी १० मिनिटे थांबावे. शेवटी १.५ मिलिलिटर थंडगार तिसरे द्रावण घालून नळी बर्फावर, अंधारात, किमान १५ मिनिटे ठेवावी. उपकरणावर लावण्यापूर्वी ३० मायक्रोमीटरच्या जाळीतून पुन्हा गाळावे आणि तीन तासांच्या आत मोजणी पूर्ण करावी. मध्ये कोठेही सेंट्रिफ्यूज करावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. प्रत्येक फेरीत केंद्रके हरवतात आणि उरलेली एकमेकांना चिकटतात.

रक्त, अस्थिमज्जा किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींसाठी ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये पेशी स्थिर करून, धुऊन, प्रॉपिडियम आयोडाइड ५० आणि आरएनेज १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात ३७ अंशांवर अर्धा तास रंगवण्याची सोपी रीतही चालते. तीत इथेनॉल थेंबाथेंबाने, नळी फिरती ठेवून घालणे तेवढे महत्त्वाचे आहे. एकदम ओतल्यास पेशींचे गोळे होतात आणि ते नंतर सुटत नाहीत.

प्रॉपिडियम आयोडाइड डीएनएत शिरणारे द्रव्य असल्यामुळे ते उत्परिवर्तनकारी मानून हातमोज्यांशिवाय हाताळू नये. उरलेली ऊती भारतात जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पिवळ्या पिशवीत जाते.

उपकरणाची तयारी

प्रॉपिडियम आयोडाइडसाठी ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पुरतो आणि प्रकाश ६१० नॅनोमीटरच्या आसपासच्या फिल्टरमधून मोजतात. प्रतिपिंडांनी पेशी ओळखण्याच्या नेहमीच्या चाचण्यांची सवय असलेल्या हातांना येथे दोन सवयी बदलाव्या लागतात. पहिली, मापनपट्टी लॉगरिदमिक न ठेवता रेषीय ठेवावी, कारण येथे दहापट फरक शोधायचा नसून काही टक्क्यांचा फरक शोधायचा आहे. दुसरी, नमुना सर्वांत मंद गतीने, सेकंदाला शे-दोनशे घटनांपर्यंत सोडावा. गती वाढवली की नमुन्याची धार जाड होते, काही केंद्रके लेझरच्या मध्यातून तर काही कडेने जातात, आणि एकसारखा डीएनए असलेली केंद्रकेही वेगवेगळी उजळतात.

गाठीचा नमुना लावण्यापूर्वी कोंबडीच्या केंद्रकांचा प्रमाणित नमुना चालवून शिखराची रुंदी आणि रेषीयता तपासावी. रुंदी सीव्ही या टक्केवारीत सांगतात: शिखराचे प्रमाण विचलन भागिले सरासरी, गुणिले शंभर. या प्रमाणित केंद्रकांसाठी ती ३ टक्क्यांच्या आत असावी. रेषीयतेसाठी दोन चिकटलेल्या केंद्रकांचे शिखर भागिले एकट्या केंद्रकाचे शिखर असे गुणोत्तर काढावे, ते १.९५ ते २.०५ यांच्या दरम्यान हवे. हे जमत नसेल तर त्या दिवशी रुग्णाचा नमुना लावू नये, लेझरची जुळणी आणि फ्लो सेलची स्वच्छता आधी पाहावी.

त्यानंतर डिटेक्टरचा व्होल्टेज असा ठेवावा की सामान्य पेशींचे जी१ शिखर, २,६२,१४४ घरांच्या पट्टीवर, सुमारे ५०,००० वर येईल. मग टेट्राप्लॉइड (सामान्याच्या दुप्पट गुणसूत्रे असलेल्या) कर्कपेशींचे जी१ एक लाखावर आणि त्यांचेच जी२ दोन लाखांवर, म्हणजे पट्टीच्या आत राहते. थ्रेशोल्ड (ज्याखालील संकेत उपकरण नोंदवत नाही ती सीमा) प्रकाशविकिरणावर न ठेवता डीएनएच्या प्रकाशावरच ठेवावा आणि तो कोंबडीच्या शिखराच्याही डावीकडे असावा. किमान १०,००० केंद्रके मोजावीत. एस टप्प्याचा अंदाज हवा असल्यास एवढी केंद्रके कर्कपेशींचीच मिळतील इतकी मोजणी वाढवावी.

जोडकेंद्रके वगळणे

जी१ मधील दोन केंद्रके चिकटून एकदम लेझरपुढून गेली तर त्यांचा एकूण डीएनए जी२ मधील एका केंद्रकाइतकाच भरतो. नुसत्या आलेखात हे दोन्ही प्रकार एकाच जागी पडतात. मात्र चिकटलेल्या जोडीला लेझर ओलांडायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिच्यामुळे उमटणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदाचे क्षेत्रफळ तेच असले तरी रुंदी जास्त आणि उंची कमी असते. क्षेत्रफळ आणि रुंदी यांचा ठिपक्यांचा आलेख काढून त्यातील सुट्या केंद्रकांभोवती गेट, म्हणजे निवडीची कुंपणरेषा, आखावे. गेट फार आवळू नये. कर्कपेशींची केंद्रके सामान्यांपेक्षा मोठी असल्याने त्यांची रुंदीही थोडी जास्त असते आणि आवळलेल्या गेटमध्ये आपण नेमक्या शोधत असलेल्या पेशीच बाहेर टाकतो.

गेट नीट बसले का हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे तिप्पट डीएनएच्या जागी, म्हणजे ५०,००० च्या हिशेबात १,५०,००० जवळ पाहणे. तीन केंद्रके चिकटली तरच तेथे शिखर येते (त्याच जागी येणारी एखादी ॲन्युप्लॉइड, म्हणजे डीएनए सामान्यापेक्षा वेगळा असलेल्या पेशींची, रेषा नसेल तर). तेथे उंचवटा उरला असेल तर दुप्पट जागीही जोडकेंद्रके भरपूर आहेत हे समजावे. शंका असल्यास रंगवलेल्या द्रावणाचा एक थेंब फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि गेटवर चाललेला तासाभराचा वाद मिटवते.

आलेख वाचणे

१९८४ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नामकरण-संकेतानुसार डीएनए निर्देशांक म्हणजे कर्कपेशींच्या जी०/जी१ शिखराचे स्थान भागिले सामान्य पेशींच्या जी०/जी१ शिखराचे स्थान. सामान्य पेशींचा निर्देशांक अर्थातच १.०० असतो. आपण गुणसूत्रे पाहिलेली नसून फक्त डीएनए मोजला आहे, याची जाणीव राहावी म्हणून अहवालात ‘डीएनए-डिप्लॉइड’ (डीएनए सामान्याइतका) आणि ‘डीएनए-ॲन्युप्लॉइड’ असे जोडशब्द लिहिण्याचा दंडक त्याच संकेताने घातला, आणि तो पाळावा.

डीएनए-ॲन्युप्लॉइड हा शेरा दोन वेगळी जी०/जी१ शिखरे स्पष्ट दिसल्यावरच द्यावा. एकच शिखर रुंद आहे, किंवा त्याच्या एका बाजूला खांदा आहे, एवढ्यावरून तो देऊ नये. सारख्या उंचीची दोन शिखरे वेगळी दिसण्यासाठी त्यांच्यात प्रमाण विचलनाच्या दुपटीहून जास्त अंतर लागते. सीव्ही ४ टक्के असेल तर ८ टक्क्यांहून कमी फरक असलेली लोकसंख्या एकाच शिखरात लपते. सर्वांत मोठ्या, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत वाढली तर पेशीतील एकूण डीएनए सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, आणि २१ व्या क्रमांकाची एक प्रत वाढली तर एक टक्काही वाढत नाही. गुणसूत्रांच्या तुकड्यांची नुसती अदलाबदल झाली असेल, उदाहरणार्थ फिलाडेल्फिया गुणसूत्रात, तर निर्देशांकाला ते अजिबात कळत नाही. डीएनए-डिप्लॉइड असा अहवाल आला म्हणून गुणसूत्रे निर्दोष आहेत, असा अर्थ डॉक्टरांनी किंवा रुग्णाच्या नातेवाइकांनी काढू नये, अशी ओळ अहवालात छापलेली असावी असे माझे मत आहे.

टेट्राप्लॉइड शिखराचा निर्णय सर्वांत अवघड असतो, कारण २.०० च्या जवळ सामान्य पेशींचे जी२ शिखरही असते आणि जोडकेंद्रकेही असतात. निर्देशांक १.९० ते २.१० च्या दरम्यान असून त्या शिखरात एकूण पेशींच्या १५ ते २० टक्क्यांहून अधिक पेशी असतील, आणि चौपट डीएनएच्या जागी त्याचे स्वतःचे जी२ शिखर दिसत असेल, तरच टेट्राप्लॉइड म्हणावे. चौपट जागचे ते छोटे शिखर हा तिन्हींतील सर्वांत बोलका पुरावा आहे.

एस टप्प्याची टक्केवारी हाताने रेषा ओढून काढू नये. त्यासाठी गणिती प्रतिमान बसवणारे सॉफ्टवेअर लागते, जे शिखरांना घंटाकार वक्र, एस टप्प्याला आयत किंवा बहुपदी आणि भुग्याला उतरता वक्र बसवून प्रत्येकाचा वाटा वेगळा करते. पण सॉफ्टवेअर कोणत्याही आलेखाला कोणती तरी टक्केवारी देतेच. सीव्ही ८ टक्क्यांहून जास्त असेल, भुगा आणि जोडकेंद्रके मिळून २० टक्क्यांच्या पुढे गेली असतील किंवा कर्कपेशी एकूण पेशींच्या १५-२० टक्क्यांहून कमी असतील, तर तो आकडा कळवू नये. आणि कळवला तरी त्यावर उपचार ठरवण्यास मर्यादा आहेत: स्तनाच्या कर्करोगात डीएनएचे प्रमाण आणि एस टप्पा यांवरून रुग्णांचे गट पाडण्यास पुरेसा आधार नाही, अशी भूमिका अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत घेतली होती.

पॅराफिनच्या ठोकळ्यातून

जुने, मेणात बसवलेले नमुने वापरण्याची वाट डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवली. सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीचे काप घेऊन झायलीनने मेण काढतात, उतरत्या प्रमाणाच्या अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत आणतात आणि ०.५ टक्के पेप्सिनमध्ये, पीएच १.५ ला, ३७ अंशांवर साधारण अर्धा तास पचवून केंद्रके सुटी करतात. काप पातळ घेतल्यास अर्धी केंद्रके पात्यानेच कापली जातात. बुइन द्रावणात किंवा पारायुक्त द्रावणात स्थिर केलेल्या आणि आम्लाने चुना काढलेल्या हाडाच्या नमुन्यांचा नाद सोडावा.

फॉर्मॅलिनमुळे डीएनएत रंगद्रव्य कमी बसते, आणि किती कमी हे प्रत्येक ठोकळ्यात वेगळे असते. ताजे लिम्फोसाइट किंवा कोंबडीच्या पेशी येथे मापदंड म्हणून उपयोगी नाहीत. त्याच ठोकळ्यातील सामान्य ऊती हाच संदर्भ. दोन शिखरे आली तर संकेताने डावीकडचे सामान्य धरतात, त्यामुळे १.०० पेक्षा कमी निर्देशांक पॅराफिनमधून सांगताच येत नाही. अहवालात नमुना पॅराफिनचा होता हे ठळक लिहावे.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात

घन गाठींत या चाचणीचे महत्त्व ओसरले असले तरी १८ महिन्यांहून लहान बालकांच्या न्यूरोब्लास्टोमात (चेतापेशींच्या गाठीत) आणि विशेषतः बी-पेशींच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात ती आजही उपयोगाची आहे. ल्युकेमियात १.१६ किंवा त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे साधारण ५३ वा अधिक गुणसूत्रे (हायपरडिप्लॉइड), आणि अशा मुलांचा रोग उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. उलट, ४० हून कमी गुणसूत्रे असलेला (हायपोडिप्लॉइड) रोग जोखमीचा मानतात.

अस्थिमज्जेत कर्कपेशी कोणत्या हे डीएनएवरून ओळखण्यापेक्षा पेशीच्या पृष्ठभागावरील खुणांवरून ओळखणे सोयीचे असते. एफएक्ससायकल व्हायोलेट हे रंगद्रव्य ४०५ नॅनोमीटरच्या लेझरवर चालते आणि डीएनएलाच चिकटते, त्यामुळे आरएनेज लागत नाही आणि निळ्या व लाल लेझरवरचे रंग सीडी१९, सीडी१०, सीडी३४, सीडी४५ अशा खुणांसाठी मोकळे राहतात. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेतील चमूने डीएनए आणि सहा रंगांच्या खुणा एकाच नळीत मोजण्याची रीत २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. अशा नळीत त्याच रुग्णाच्या टी-पेशी आपोआप संदर्भ म्हणून मिळतात: सीडी१९ असलेल्या कर्कपेशींचे जी१ शिखर भागिले टी-पेशींचे जी१ शिखर.

येथे एक सापळा आहे. २५ ते ३० गुणसूत्रे उरलेल्या कर्कपेशी कधी कधी आपला संपूर्ण संच दुप्पट करतात. मग गुणसूत्रे ५० ते ६० होतात आणि निर्देशांक चांगल्या रोगाच्या गटासारखा दिसतो, रोग मात्र तोच जोखमीचा असतो. अशा नमुन्यात मूळ, न दुपटलेल्या पेशींचा लहानसा गट बहुधा शिल्लक असतो. म्हणून कर्कपेशींच्या आलेखात १.१६ च्या पुढचे शिखर मिळाले की तेथेच न थांबता ०.५ ते ०.८ या पट्ट्यात, भुग्याच्या उतारावर, एखादे छोटे शिखर बसले आहे का ते पाहावे, आणि दिसल्यास ते कर्कपेशींच्याच खुणा बाळगते का हे उलट गेट लावून, म्हणजे त्या शिखरातल्याच पेशी निवडून त्यांच्या खुणा पाहून, तपासावे. ते मिळाले नाही तरी गुणसूत्रांची तपासणी किंवा फिश चाचणी (गुणसूत्रांवरील ठरावीक जागा चमकत्या रंगाने दाखवणारी) होईपर्यंत अहवालात ‘हायपरडिप्लॉइड’ हा शब्द एकटा न लिहिता निर्देशांक, सीव्ही, कर्कपेशींची टक्केवारी आणि ‘दुपटलेल्या हायपोडिप्लॉइड रेषेची शक्यता गुणसूत्र तपासणीने वगळावी’ हे वाक्य एकत्र द्यावे.